कोंडवाड्याचा क्रांतिवीर

गावाचं नाव सांगत नाही. वाशीम जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. नाव घेतलं तर उद्या तिथल्या पाचही पेपरांत खंडन येईल, आणि पाचही खंडनं एकट्या बबनरावांना लिहावी लागतील. त्या माणसाच्या मागे आधीच कमी कटकटी नाहीत.

बबनराव 'दैनिक रणहाक'चे तालुका प्रतिनिधी. पगार नाही. पण गाडीवर 'प्रेस' लिहायची सोय होती, उद्घाटनाला पुढच्या रांगेतली खुर्ची होती, कपाटात मावणार नाहीत इतक्या शाली होत्या आणि जाहिरातीवर कमिशन होतं. गावात आणखी चार दैनिकांचे चार प्रतिनिधी होते. एकाचं किराणा दुकान, एक विम्याचा एजंट, एक मंडप-डेकोरेशनवाला, आणि चौथा काय करतो ते त्याच्या बायकोलाही नक्की माहीत नव्हतं. या चौघांचा आणि लेखणीचा छत्तीसचा आकडा. म्हणून बबनराव बातमी लिहायचे, 'पत्रकार मित्र' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे आणि चौघंही ती जशीच्या तशी आपापल्या पेपरला ढकलायचे. एकदा बबनरावांनी खाली लिहिलं, 'बाकी नंतर टाकतो, जेवायला बसलो आहे.' चारही पेपरांत तेही छापून आलं.

गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. गाव चहाच्या हॉटेलात पाचही पेपर वाचायचं आणि मान डोलवायचं. "पाच पेपरात आलं हाय. खोटं कसं असन?"

बबनरावांचं घर मंगळवारपुऱ्यात, कोंडवाड्याच्या अगदी समोर. मोकाट जनावरं धरून कोंडायची आणि धन्याकडून दंड घेऊन सोडायची, अशी ही इंग्रजांच्या वेळची जागा. आताची मोकाट जनावरं सरळ हायवेवर बसतात आणि त्यांना हात लावायची कोणाची छाती होत नाही. त्यामुळे कोंडवाडा ओस पडला होता. आत बेशरमाची झुडपं माजली होती, पालिकेची एक बिनचाकाची ट्रॉली मरून पडली होती, आणि भिंतीच्या आडोशाचा पुऱ्यातले पुरुष जो उपयोग करायचे तो काही सांगायला नको.

हा कोंडवाडा पाडून तिथं व्यापारी संकुल बांधायचं, असं नगरसेवक गुलाबरावांनी मंजूर करून आणलं. पुऱ्यात पेढे वाटले. बबनरावांनी 'मंगळवारपुऱ्याचा कायापालट' असा मथळा देऊन गुलाबरावांना विकासपुरुष केलं, आणि गुलाबरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "बबनराव, कोपऱ्यातला गाळा तुमच्या धीरजचा. आपला शब्द हाय."

त्या गाळ्यावर बबनरावांचा जीव टांगलेला होता. धीरज त्यांचा एकुलता एक. शिकला, परीक्षा देऊन देऊन थकला, आणि आता घरच्या पुढच्या खोलीत लॅपटॉपवर लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचा. मुलगा निर्व्यसनी, दिसायला बरा, पण ज्या घरी स्थळ घेऊन जावं तिथून पोहे खाऊन परत यावं लागायचं. शेवटी धनजच्या रामरावांनी थोडी आशा दाखवली. रामरावांची भाजीपाल्याची बागायत, विहिरीला बारमाही पाणी, आणि सुप्रिया ही मुलगी. सुप्रियाला धीरज पसंत होता. धीरजला तर सुप्रिया इतकी पसंत होती की तो अर्जदाराच्या नावाच्या जागी तिचं नाव टाकायला लागला होता.

रामरावांनी मात्र खोली पाहिली, लॅपटॉप पाहिला आणि सुपारी कातरत म्हणाले, "पोट्टं चांगलं हाय, बबनराव. पन नोकरी नाई ना. माही पोरगी मी लॅपटॉपले कशी देऊ? रोडवर सोताचं दुकान पायजे. गाळा हाती येऊ द्या, मंग तारीख काढू."

त्या दिवसापासून उज्ज्वलाबाई नवऱ्याला चहासोबत हाच विषय द्यायच्या. "साऱ्या पुढाऱ्याईच्या पोराईच्या लग्नाच्या बातम्या तुमी छापल्या. आपल्या पोराच्या पत्रिकेचा मजकूर कवा लिवसान?"

"गाळा झाला की," बबनराव म्हणायचे.

गाळा झालाही असता. पण संकुलाचा नकाशा पालिकेच्या फलकावर लागला आणि नानाजींनी तो चष्मा लावून वाचला.

नानाजी निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या घराची मागची भिंत आणि कोंडवाड्याची भिंत एकच. आजवर त्यांच्या घरचा सगळा कचरा त्या भिंतीवरून पलीकडे जात आलेला. 'साप निघतात, सबब कोंडवाडा त्वरित पाडावा' अशी तक्रारही त्यांनी दर पावसाळ्यात केलेली. पण नकाशात त्यांच्या देवघराच्या भिंतीला लागून सार्वजनिक मुतारी दाखवली होती. ती पाहिली आणि नानाजींच्या अंगात इतिहास संचारला. आठवडा उलटायच्या आत 'कोंडवाडा वारसा संवर्धन समिती' उभी राहिली, अध्यक्ष अर्थात नानाजी.

पुऱ्यात उभी फूट पडली. ज्यांना गाळ्याचा शब्द मिळाला होता ते विकासाच्या बाजूनं आणि ज्यांना मिळाला नव्हता ते वारशाच्या, अशी अगदी तत्त्वाची लढाई होती. न्हाव्याच्या दुकानात दाढीचा साबण वाळेपर्यंत भांडणं व्हायची.

"लंडनात असा कोंडवाडा असता तर तिकीट लावलं असतं!"

"लंडनात तू असता तर तुलेबी आतच ठेवलं असतं."

पण नुसत्या वादानं संकुल थांबत नाही, पुरावा लागतो. तो नानाजींनी काढला. एके सकाळी कोंडवाड्याच्या भिंतीवर भलामोठा फलक लागला. त्यावर मागच्या वर्षीची पाच पेपरांची पाच कात्रणं मोठी करून छापली होती. बबनराव ब्रश करत ओट्यावर आले, समोर पाहिलं, आणि फेस गिळून बसले. पाचही कात्रणांतला मजकूर त्यांचाच होता.

त्याची हकिगत अशी. मागच्या वर्षी 'रणहाक'चा वर्धापनदिन विशेषांक निघाला. गुलाबरावांची हात जोडलेली अर्ध्या पानाची जाहिरात बबनरावांनी मिळवली. उरलेलं अर्धं पान रिकामं. संपादकांचा फोन आला, "गुलाबरावांच्या शेजारी काहीतरी इतिहास टाका हो, माणूस भारदस्त दिसतो. आणि गावांची नावं विसरू नका." संपादकांचा हा नियमच होता. लेखात ज्या गावाचं नाव, त्या गावात गठ्ठा जास्त खपतो. बबनराव ओट्यावर बसले, समोर कोंडवाडा दिसला, आणि लिहून मोकळे झाले: 'बेचाळीसच्या धगधगत्या चळवळीत धनज, जऊळका, पोहरादेवी परिसरातील शूर युवकांना जुलमी इंग्रजांनी याच कोंडवाड्यात डांबले. क्रांतिवीर गणाजीबुवा यांनी अन्नपाणी वर्ज्य करून साम्राज्य हादरवले.' गणपती जवळ आले होते म्हणून गणाजी. मारुतीची जयंती असती तर मारुतीबुवा झाले असते. मग सवयीनं मजकूर ग्रुपवर गेला आणि पाच पेपरांत आला.

आता तो गणाजीबुवा भिंतीवरून त्यांच्याकडेच पाहत होता.

गुलाबराव तणतणत आले. "बबनराव, हे तुमीच लिवलं व्हतं ना?"

"तुमच्याच फोटोच्या बाजूले व्हतं, भाऊ. तुमाले आवडलं व्हतं."

"मले माहा फोटो आवडला व्हता! आता तुमीच निस्तरा हे. नाईतर गाळ्याचं नाव काढू नोका."

बबनराव निस्तरायला बसले. 'कोंडवाडा की साप-विंचवांचे माहेरघर?' अशी सणसणीत बातमी लिहून ग्रुपवर टाकली. चौघांनी अंगठा दाखवला, पण छापली एकानंही नाही. समितीनं पाचही पेपरांना स्वातंत्र्यदिनाची पानभर जाहिरात दिली होती. जाहिरातीशेजारी मजकूर तर हवा, आणि नवं लिहायला कोणाला येत होतं? त्यांनी मागच्या वर्षीचाच लेख पुन्हा लावला. 'रणहाक'नंही लावला. संपादक म्हणाले, "बबनराव, तुमच्या हातून लिहिलेलं आजवरचं सगळ्यात चांगलं हेच."

मग निकराची वेळ आली. मारुतीच्या देवळात पुऱ्याची सभा ठरली, मुख्याधिकारी साहेब स्वतः येणार आणि संकुल व्हावं की नाही त्यावर पालिकेला अहवाल देणार. बबनरावांनी मनाशी पक्कं केलं: उठायचं आणि खरं सांगायचं. इज्जत जाईल, पण गाळा राहील, आणि गाळा राहिला तर धीरजच्या डोक्याला बाशिंग लागेल. पत्रकाराची इज्जत आणि पोराचं लग्न यांत त्यांना फार वेळ तोलावं लागलं नाही. इज्जत तशीही बिनपगारीच होती.

सभेत आधी नानाजी बोलले. बोलताना त्यांना हुंदका आला. ज्या भिंतीवरून कालपर्यंत भेंडीची देठं फेकली त्या भिंतीला त्यांनी 'स्वातंत्र्यदेवतेचा गाभारा' म्हटलं, आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग गुलाबरावांनी डोळ्यानं खूण केली आणि बबनराव उभे राहिले.

"मंडळी, त्या लेखाबद्दल मले एक सांगाचं हाय..."

एवढ्यात देवळापुढे जीप थांबली. केशरी फेटा बांधलेले रामराव उतरले. मागून त्यांची म्हातारी आई सोजरबाई, आणि धनजची सातआठ माणसं. एकाच्या हातात हार घातलेली फोटोची चौकट, फोटोत मिशाळ शेतकरी, उन्हामुळे डोळे बारीक केलेला.

रामरावांनी चौकट मारुतीच्या पायरीशी टेकवली आणि सभेकडे वळले. "हे गणाजीबुवा. माहे सख्खे आजे. आमच्या घरी लहानपनापासून बोलनं व्हतं का आजा कोंडवाड्यात व्हता म्हून. पन कायले व्हता, थे कोनी सांगे नाई. पाच पेपरात वाचलं तवा समजलं!"

देऊळ टाळ्यांनी दणाणलं. रामराव सरळ बबनरावांकडे आले आणि त्यांना उराउरी भेटले. "इवाई, तुमी आमच्या खानदानाचं नाव उजेडात आनलं. गाळ्याचं काय घेऊन बसले? पोरगी तुमचीच समजा. उद्याच तारीख काढू! आता मातर कोनी या भिताडाले हात लावला तर धनज पेटून उठन."

बबनरावांचा चेहरा रामरावांच्या खांद्यावर दबला होता. तिथून त्यांना गुलाबरावांचे डोळे दिसत होते आणि खांबाआड उभा असलेला धीरजही. धीरजचं तोंड आनंदानं उघडं पडलं होतं.

"हां बबनराव," नानाजी गोड आवाजात म्हणाले, "तुमी काहीतरी सांगत होते."

बबनरावांनी घसा खाकरला. खरं सांगावं तर गाळा मिळतो आणि पोरगी जाते. गप्प राहावं तर पोरगी मिळते आणि गाळा जातो. गाळा हवा होता कशासाठी? पोरीसाठीच ना?

"हेच सांगत व्हतो," ते म्हणाले, "का गणाजीबुवाचं इथंच स्मारक झालं पायजे."

गुलाबरावांनी कपाळावर हात मारला. पण ते मुरलेले. टाळ्यांचा जोर पाहून तोच हात त्यांनी वर केला आणि सगळ्यात मोठ्यानं घोषणा दिली, "क्रांतिवीर गणाजीबुवा की..."

सभेनंतर पाहुणे चहाला बबनरावांकडे आले. बशीत चहा ओतता ओतता सोजरबाईंनी उज्ज्वलाबाईंना विचारलं, "काहून वं बाई, ह्या लोकाईनं आमच्या मामाजीले एवढं काहून डोक्यावर घेतलं?"

"त्याईनं इंग्रजाशी टक्कर घेतली ना, आजी."

"इंग्रज? त्याईनं कंदी इंग्रज पाह्यला नाई," सोजरबाई म्हणाल्या. "आमची म्हैस कोंडलती इथं. दंड भरा लागते म्हून मामाजी भिताडावरून अंदर उतरले, म्हशीले सोडाले. शिपायानं पाह्यलं अन् दोघाईलेबी कोंडून टाकलं. सासूबाई सांगे, म्हैस सकाळीच सुटली, मामाजी दुपारी. जेवले नाई थे खरं हाय. कोनी डबाच आनला नाई."

रामरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"म्हैस असन, मा. पन कायदा कोनाचा व्हता? इंग्रजाचाच ना?"

बबनरावांना उगाच भरून आलं. इतक्या वर्षांच्या लिखाणात पहिल्यांदाच काहीतरी खरं निघालं होतं, भले ते म्हशीचं का असेना.

संकुल बायपासला गेलं, आणि तिथला कोपऱ्यातला गाळा गुलाबरावांच्या मेहुण्याला. लग्न झालं. कोंडवाडाही चकचकीत झाला. बेशरम उपटली, भिंतींना गेरू लागला, लोखंडी फाटक आणि कुलूप बसलं, पहारेकरी नेमला आणि संगमरवरी पाटीवर 'साम्राज्य हादरवले' हे वाक्य सोनेरी अक्षरांत आलं. उद्घाटन गुलाबरावांनी केलं. स्मारक समितीचे अध्यक्ष रामराव, कार्याध्यक्ष नानाजी.

आणि धीरजनं कोंडवाड्याच्या भिंतीला लागून एक टेबल मांडलं, वर छत्री लावली. रस्ता वाहता होता, तहसीलच्या लोकांची ये-जा होती. धंदा चालला. दुपारी सुप्रिया डबा घेऊन यायची आणि त्याच्या शेजारी बसून आधारकार्डांच्या झेरॉक्स लावायची. कधी नव्हे ते उज्ज्वलाबाई नवऱ्याला नुसता चहा द्यायला लागल्या. बबनराव ओट्यावरून त्या छत्रीकडे पाहायचे आणि गाळ्याचं दुःख विसरायचे.

मग गणाजीबुवांची जयंती आली. तारीख कोणालाच माहीत नव्हती, ती नानाजींनी सोयीनं धरली. रामराव हार घेऊन उतरले आणि त्यांच्या आज्याच्या पाटीखाली त्यांना झेरॉक्स मशीन दिसलं. एका गिऱ्हाइकानं ओला रुमाल पाटीवर वाळत घातला होता.

"धीरजराव," ते म्हणाले, "तुमी आमचे जावाई. तुमाले कमी-जास्त बोलनं आमाले शोभत नाई. पन इतिहास तो इतिहास. हे टेबल हटवा."

"मामा, कुठी हटवू? घरात गिऱ्हाईक येत नाई, अन् रोडवर दुसरी जागा कुठी हाय?"

"थे तुमी पाहा."

सुप्रिया वडिलांशी दोन दिवस भांडली. धीरजनं टेबल हलवलं नाही. रामरावांनी सही केली, नानाजींनी मजकूर घातला आणि तक्रार पालिकेत गेली. साहेब म्हणाले, पेपरमध्ये काही आल्याशिवाय आम्हाला कारवाई करता येत नाही. तेव्हा ग्रुपवर किराणावाल्याचा निरोप आला, 'भाऊ, स्मारकाची बातमी टाका ना. समितीची पुरवणी आहे, जागा धरून ठेवली आहे.' पाठोपाठ संपादकांचा फोन.

बबनराव अख्खी दुपार मोबाइल हातात धरून बसले. समोर छत्रीखाली पोरगा कोणा म्हातारीचा अंगठा मशीनवर दाबून घेत होता. बातमी लिहिली नाही तर दुसरं कोणी लिहील, असं त्यांनी स्वतःला समजावलं. दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. शेवटी बोटं आपल्या सवयीनं चालली. 'क्रांतिवीर गणाजीबुवा स्मारकास अतिक्रमणाचा विळखा. धनज, जऊळका, पोहरादेवी परिसरात संतापाची लाट.'

दुसऱ्या दिवशी पालिकेची माणसं आली. धीरज हात जोडत होता. मुकादमानं त्याच्यापुढे पेपरांची चळत धरली. "मी काय करू, भाऊ? पाच पेपरात आलं हाय. खोटं कसं असन?"

टेबल, छत्री, झेरॉक्स मशीन, लोकांच्या कागदांची पिशवी, सगळं उचललं. जप्तीचं सामान ठेवायला पालिकेकडे जागा नव्हती. जवळची, कुलपाची, पहाऱ्याची जागा एकच होती. मुकादमानं फाटक उघडलं आणि सगळं कोंडवाड्यात लोटलं. "दंड भरा अन् घेऊन जा."

पिशवीत एका पोरीच्या शिष्यवृत्तीचे मूळ दाखले होते आणि त्या दिवशी शेवटची तारीख होती. पोरगी रस्त्यावर उभी राहून रडायला लागली. धीरज एका जागी थांबला नाही. भिंतीवर चढला आणि आत उतरला. पिशवी तेवढी त्यानं बाहेर फेकली, स्वतः परत चढणार तोच फाटकातून आत आलेल्या पहारेकऱ्यानं पाय धरला, ओरडून मुकादमाला बोलावलं, आणि दोघांनी बाहेर येऊन कुलूप घातलं.

बबनराव अनवाणीच धावले. फाटकाच्या गजांना धरून धीरज उभा होता, शर्ट खांद्यावर फाटलेला. "बाबा," तो म्हणाला, "सुप्रियाले म्हना, डबा इथंच आन."

बबनरावांना एकदम रडू आलं. पाटीवरची सोनेरी अक्षरं उन्हात चमकत होती. त्यांनी मोबाइल काढला आणि फाटकापुढे उभं राहूनच लिहिलं. विळखा नाही, लाट नाही, एकाही गावाचं नाव नाही. 'माझ्या मुलाला आज कोंडवाड्यात कोंडलं. तो एका मुलीचे कागद आणायला आत गेला होता. गणाजीबुवाही म्हैस सोडवायला असेच गेले होते. बाकी सगळं मी रचलं होतं.' आणि ग्रुपवर पाठवून दिलं.

मग विमा एजंटाचं उत्तर आलं. 'भाऊ, हे कोणी खरं मानणार नाही. दुसरं काहीतरी टाका.'

दुपारी मुख्याधिकारी साहेबांचं जेवण झालं आणि धीरज सुटला.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलाबाई नानाजींच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि तोंडाला येईल ते बोलल्या. काल तुमच्या डोळ्यांदेखत माझ्या पोराला गुरासारखं कोंडलं, तुम्ही खिडकीतून पाहत होतात, आता माफी मागा. नानाजी ओट्यावर पाचही पेपर पसरून बसले होते. त्यांनी पानं पुन्हा एकदा उलटून पाहिली, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले,

"एकाही पेपरात नाई, बाई. मंग असं काई झालंच नसन."